मेव्हण्याशी ऑपरेटिंग सिस्टीमवर वाद घालण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

घरात नव्या लॅपटॉपचा विषय निघाला, की विंडोज, मॅक आणि लिनक्स यांची तुलना टळत नाही. हे कार्य अननुभवी हाती पडून त्याचा दर्जा खालावू नये, यासाठी प्रस्तुत नियमावली सिद्ध केली आहे. ‘मेव्हणा’ हे येथे पद समजावे. भाचा, जावई, धाकटा दीर किंवा वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक, कोणीही त्यावर विराजमान असू शकते. आमच्याकडे मात्र मेव्हणाच आहे.

नियम पहिला. प्रतिपक्षाचा पंथ ओळखून मगच पाटावर बसावे. विंडोजवाल्याला आपला काही पंथ आहे हेच ठाऊक नसते. ‘कुठली सिस्टीम वापरता?’ असे विचारले तर तो लॅपटॉपच्या कंपनीचे नाव सांगतो. मॅकवाला लॅपटॉप उघडतो तो झाकणावरचे सफरचंद मंडळींना दिसेल असा. पूर्वी त्या सफरचंदात उजेड असायचा. २०१५ पासूनच्या नव्या मॉडेलांतून तो हळूहळू गेला, तेव्हापासून कोन जरा जपून साधावा लागतो. लिनक्सवाला तुमचे वाक्य दुरुस्त करतो. तुम्ही ‘लिनक्स’ म्हणालात रे म्हणालात, की तो पुरीचा घास हातात धरून सांगतो, ‘दाजी, लिनक्स म्हणजे फक्त कर्नल. बाकीचं बरंचसं ग्नू. स्टॉलमननं १९८३ ला जाहीर केलेलं.’ पुरी गार होते.

नियम दुसरा. इतिहास काढावा. कोणी कोणाचे चोरले हा मुद्दा भरपूर पुरतो, म्हणून तो पाने मांडेपर्यंतच्या वेळेसाठी राखून ठेवावा. मॅकवाला म्हणतो, पडद्यावरच्या खिडक्या विंडोजने आमच्या १९८४ च्या मॅकिंटॉशवरून उचलल्या. ॲपलने तसा दावा १९८८ मध्ये लावलाही होता, आणि वर्षानुवर्षे कोर्टात घालवून ते हरले. यावर तुम्ही शांतपणे म्हणावे, की दोघांच्याही आधी, १९७३ मध्ये, झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत ‘आल्टो’ नावाचे यंत्र माऊससह चालू झाले होते आणि खिडक्याही तिथल्याच. इथे बहुधा बरोबरी होते. तरी मॅकवाला चिडलाच, तर १९९७ चे बॉस्टन काढावे. स्टीव्ह जॉब्ज मंचावरून जाहीर करतो, की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर घालते आहे. मागच्या अवाढव्य पडद्यावर बिल गेट्सचा चेहरा उगवतो. आणि सभागृहातले भक्त हुर्यो उडवतात. मूळ पुरुषांचा समेट झाला तरी भाऊबंदकी पुढच्यांनी चालू ठेवायची असते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

नियम तिसरा. किमतीचा विषय मॅकवाल्यासमोर काढू नये. त्याचे हप्ते चालू असतात.

नियम चौथा. मेव्हण्याचा तक्ता आदराने पाहावा. तक्ता असतोच. चालू व्हायला किती सेकंद, नुसती बसून किती रॅम खाते, अपडेट झाल्यावर आपणहून रीस्टार्ट होते की विचारते, अशा ओळी आणि लिनक्सच्या रकान्यात सगळीकडे हिरवा रंग. हा तक्ता चुकीचा नसतो, हीच पंचाईत आहे. तो पाहून संपला की प्रात्यक्षिक. ‘दाजी, तुमच्या विंडोजवर ‘कॉन’ नावाचं फोल्डर करून दाखवा.’ इंग्रजी सी-ओ-एन. होत नाही. डॉसच्या काळात ते नाव कीबोर्ड-पडद्यासाठी राखून ठेवले होते, ते अजून सुटलेले नाही. डिस्क ‘सी’पासून सुरू होते तीही अशीच, कारण ए आणि बी फ्लॉपीच्या होत्या. मेव्हण्याला हे सांगताना जो आनंद होतो तो पाहून मी दरवेळी नव्याने चकित होतो. वास्तविक त्या नावाचे फोल्डर आमच्या खानदानात कोणालाही लागलेले नाही.

नियम पाचवा. तक्त्यात नसलेल्या ओळी आपण भराव्यात. पैकी पहिली मराठीची. सासरे गावच्या देवस्थानाचे इतिवृत्त टाइप करतात. त्यांच्या जुन्या फायली युनिकोडपूर्व फाँटांतल्या आहेत. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फाँट नसला की देवस्थानाच्या जमाखर्चाच्या जागी नुसते स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे उमटतात. याबाबतीत तिन्ही सिस्टीमना समान गुण द्यावेत, म्हणजे शून्य. फायली कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणणे, एवढाच इलाज. आणि मग जोडाक्षरे डोळ्यांनी तपासणे, कारण कन्व्हर्टर नेमका रफारात मार खातो.

नवे टाइप करायचे तर इन्स्क्रिप्ट शिकावे. १९९१ च्या भारतीय मानकात नोंदलेला हा आराखडा तिन्हीकडे मिळतो, म्हणजे सिस्टीम बदलली तरी बोटे बदलावी लागत नाहीत: डी वर हलन्त, के वर क, आणि ‘दुसऱ्या’ मधला ऱ हवा तर शिफ्ट धरून जे. सासरे सत्तरी ओलांडून हे शिकले. मेव्हणा मात्र अजून इंग्रजी स्पेलिंग टाकून मराठी काढतो, हे भर पंगतीत सांगावे. विंडोज एक्सपीच्या काळी मराठी चालू करायला सेटिंगमध्ये एक खूण करावी लागे, आणि खूण केली की ती मूळ सीडी मागत असे. मूळ सीडी! आख्ख्या आळीत ती कोणाकडे होती?

नियम सहावा. बोटांची सवय हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. विंडोजवर फाइल निवडून एंटर मारला की ती उघडते, मॅकवर तिचे नाव बदलायला लागते. मॅकच्या लाल बटणाने खिडकी मिटते, प्रोग्राम बहुधा मागे चालूच राहतो. लिनक्सला लहान लिपीतले आणि मोठ्या लिपीतले नाव वेगळे वाटते. यातले काहीही चूक नाही, सगळेच वैतागवाणे आहे.

नियम सातवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद झाली, तीही दिवाळीच्या तोंडावर. साधारण २०१८ च्या आधीचे बरेच लॅपटॉप विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. एक तर प्रोसेसर जुना, नाहीतर टीपीएम २.० नाही. अशा वेळी मेव्हणा खिशातून लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह काढतो. आता थोडे गंभीर होतो, हे लिहून ठेवा. पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघता येते, हार्ड डिस्कला हात न लावता. तेवढ्यात वाय-फाय, आवाज, कॅमेरा, आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, हे तपासावे. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर गेल्याशिवाय ‘इन्स्टॉल’ दाबू देऊ नये, मेव्हणा कितीही म्हणाला ‘काही होत नाही दाजी’ तरी. घरात कोणी टॅलीवर हिशेब लिहीत असेल तर विंडोज ठेवावे आणि विषय मिटवावा.

मेव्हण्याबद्दल एक सांगायला हवे. दुकानातली पोरे लॅपटॉप हातात घेतात ती ‘फॉरमॅट मारू का?’ असे विचारतच. हा तसे करत नाही. हा आधी बाबांचे फोटो शोधतो. ‘न्यू फोल्डर’, त्यात ‘न्यू फोल्डर २’, त्यात पुन्हा ‘न्यू फोल्डर’, आणि तिथे कुठे तरी आईबाबांचे काशीयात्रेचे फोटो. ‘बाबा, पासवर्ड काय ठेवलाय?’ हे तो न चिडता विचारत राहतो, बाबा दरवेळी वेगळा सांगतात. सासूबाई बाजूला चकल्या ठेवून जातात, त्यांचे तुकडे कीबोर्डात पडतात. दिवेलागण होते तरी गडी जागचा हललेला नसतो. खरे म्हणजे त्या तक्त्यात एक ओळ असती तर भागले असते: अडले की फोन कोणाला करायचा? आमच्या सासुरवाडीला लिनक्स चालते ते याच्यामुळे. पण हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नये, नाहीतर पुढच्या दिवाळीला माझ्या लॅपटॉपची पाळी.

नियम आठवा. मेव्हण्याचे ब्रह्मास्त्र ओळखून ठेवावे. हरत आला की तो म्हणतो, ‘जगातले सगळ्यात वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या आत काय आहे, दाजी?’ दोन्ही खरे आहे. यावर प्रतिवाद करू नये, फक्त विचारावे, ‘ते असू दे रे, प्रिंटर चालतो का?’ पूर्वी या एका प्रश्नावर मेव्हणा गप्प व्हायचा, सासूबाईंनाही कीव यायची. अलीकडे मात्र या प्रश्नाची धार गेली आहे. मॅक आणि लिनक्स दोघांच्या छपाईमागे मुळात ‘कप्स’ ही एकच प्रणाली, जिचा कोड २००७ मध्ये ॲपलनेच विकत घेतला. आणि नवे वाय-फाय प्रिंटर बहुतेक वेळा ड्रायव्हर न टाकताच सापडतात. परवा मी मोठ्या विश्वासाने विचारले, तर त्याने बाबांचा सातबारा तिथल्या तिथे छापून माझ्या हातात ठेवला. सध्या माझी सगळी भिस्त स्कॅनरवर आहे.