आधी तुम्ही घ्या

(रंगमंचावर एक टेबल, मधोमध गोल भोक. छतापासून टेबलापर्यंत लोंबणारी पत्र्याची जाड नळी. कोल्हापूरची एक बाई येते. साडीवर स्वेटर, खांद्याला पर्स. नळीत डोकावून बघते.)

ही नळी आत्ताच नीट बघून घ्या. नाहीतर मध्येच कुणीतरी विचारायचं, वरच्या मजल्याचं सांडपाणी येतं का हो यातून? मी विचारलं होतं. सोलमध्ये, मापो भागात, भरल्या हॉटेलात. लेक म्हणाली, "आई, धुराडं आहे ते. हळू बोल." म्हटलं, "हळू कशाला? इथं मराठी कुणाला कळतंय?"

लेक तिथं विद्यापीठात संशोधन करते. बॅटरीवर. त्यापुढचं मला विचारू नका. तिला भेटायला मी एकटीच गेले. हे आले नाहीत. यांना विमानात झोप लागत नाही आणि घरात जाग येत नाही.

निघताना गल्लीतल्या बायकांनी मला तयार करून पाठवलं होतं. सगळ्या कोरियन मालिका बघतात, रात्री दीडपर्यंत. "काकू, तिथं बार्बेक्यूला गेलात की आपलं आपण भाजून खायचं असतं हं!" म्हटलं, झालं. तिकीट काढून, व्हिसा काढून, एवढा समुद्र ओलांडून जायचं, आणि पुन्हा शेगडीपुढंच उभं राहायचं? त्यापेक्षा घरी काय वाईट होतं?

पण तसं झालं नाही. त्याहून वाईट झालं. मला शेगडीला हातच लावू दिला नाही!

(स्टूल ओढते, त्याचं झाकण उघडून दाखवते.)

हे तिथलं स्टूल. बसायची गादी उचलली की आत डबा. कोट, स्वेटर, पिशवी आत टाकायची, वर झाकण, झाकणावर आपण. म्हणजे कपड्यांना मांसाचा वास लागत नाही. लेक म्हणाली, "पर्सही टाक आत." म्हटलं, "पर्सवर बसू? लक्ष्मी आहे त्यात!" शेवटी पर्स मांडीवर, पर्सवर एप्रन. तीन महिन्यांची गरोदर दिसत होते.

आम्ही पाचजण. मी, लेक, तिच्या लॅबचे सर, लॅबमधली एक मुलगी आणि एक पोरगा. सर कमरेत वाकले, मी हात जोडले, आणि लगेच त्यांनी लेकीकरवी विचारलं, "आईंचं वय काय?"

(प्रेक्षकांकडे बघत थांबते.)

हां. मलाही असंच वाटलं. पण तिथं हा आगाऊपणा नाही, सोय आहे. कुणी कुणाला काय म्हणायचं, कुणी कुणाचा पेला भरायचा, चिमटा कुणाच्या हातात द्यायचा, सगळं वयावर ठरतं. मी म्हटलं, "५२." लेक म्हणाली, "५८." पोटची पोर!

बरं, वयाचा त्यांच्याकडेही घोळच होता. जन्मलं की मूल एक वर्षाचं धरायचे, आणि एक जानेवारी आली की सगळा देश एकदम एकेक वर्षानं मोठा. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! मग सरकारनं कायदाच केला, जून २०२३ पासून कागदोपत्री वय जगासारखं मोजायचं. पाच कोटी माणसं एका दिवसात वर्ष-दोन वर्षांनी लहान झाली. आमच्याकडं बायकांना हे कायद्याशिवाय जमतं. फक्त लेकीला सोबत न्यायचं नाही.

तर मी ५८, सर ५४. मोठी मी! सगळ्यात धाकटा तो पोरगा. दीड वर्षाची सक्तीची लष्करी नोकरी करून आलेला. बंदूक धरलेला हात तो, पण माझ्यासमोर चिमटा धरताना थरथरत होता. मी म्हटलं, "दे बाळ इकडं, मी भाजते." त्यानं चिमटा छातीशी धरला. मी ओढला. त्यानं सोडला नाही. लेक दातओठ खात म्हणाली, "आई, तू चिमटा घेतलास तर त्याची नाचक्की होईल." म्हटलं, "आणि मी बसून राहिले तर माझी होत नाही का?"

(हात मांडीखाली दाबून बसते.)

बसले. हे असे हात दाबून. तुम्हाला सांगते, पेटलेल्या शेगडीसमोर बाईला नुसतं बसवणं ही शिक्षा आहे.

मग मांस आलं. सामग्योप्साल. डुकराच्या पोटाकडचं. मांस, चरबी, मांस, चरबी, लांबच लांब पट्ट्या. आमच्या आजोबांनी रानडुकराच्या शिकारीच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या होत्या, चव सांगितली नव्हती. एका माणसाचा वाटा म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास. सोलमध्ये त्याला साधारण २० हजार वोन पडतात, बाराशेक रुपये. आणि एकट्यादुकट्याला बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, किमान दोन वाटे मागवायचे. म्हणजे भांडून निघालेल्या माणसानं जेवायचं म्हटलं तरी समजूत काढून कुणाला तरी सोबत आणायचं.

पोरानं पट्ट्या निखाऱ्यावर टाकल्या आणि कात्री काढली... खिशातून नव्हे हो, टेबलावरूनच उचलली. कात्री! आमच्या स्वयंपाकघरात कात्री फक्त दुधाची पिशवी फोडायला. तो चिमट्यानं पट्टी उभी धरून कचाकच कापतोय. भोवती दहा-बारा छोट्या ताटल्या. किमची, मोड आलेलं सोयाबीन, पालक, मुळा. या सगळ्या फुकट! संपल्या की टेबलाच्या कडेला घंटीचं बटण असतं, ते दाबायचं, पुन्हा भरून येतात. दोनदा आल्यावर मला लाज वाटली. तिसऱ्यांदा सवय झाली.

पेले भरले. सोजू, तिथली दारू. त्या मुलीनं दोन्ही हातांनी बाटली धरून सरांना ओतली, आणि स्वतः प्यायच्या वेळी मान पार तिकडं वळवली. मला वाटलं, बाहेर कुणी ओळखीचं दिसलं की काय. तर मोठ्यांच्या तोंडासमोर प्यायची नाही. आमच्याकडंही नाही. पण आमची मुलं त्यासाठी पन्हाळ्याला जातात. ही नुसती मान वळवतात!

आणि मग मांस झालं तयार. खरपूस. चरबी चुरचुरतेय. पाचही माणसं भुकेली.

कुणी खाईना.

(उठून टेबलाच्या दोन्ही बाजूंना जाऊन दोघांची सोंगं काढते.)

लग्न झाल्यापासून पहिला घास मी कधी खाल्लेला नाही. आधी सासरे, मग हे, मग मुलं, मग "रस्सा संपला का? असू दे, मला तशीही भूक नव्हती." तेव्हा मी आपली थांबले, सगळे घेऊ देत. आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्या माणसानं सुरुवात केल्याशिवाय धाकट्यांनी चॉपस्टिक उचलायच्या नाहीत. मोठं माणूस कोण?

मी: "घ्या ना, घ्या."

सर: (वाकून) "मदर, प्लीज. फर्स्ट."

मी: "छे छे, आधी तुम्ही."

सर: (आणखी वाकून) "नो, नो. मदर."

पोरानं तुकडे उलटले. पुन्हा उलटले. जाळीच्या कडेला ओढले. चरबी ठिबकली, जाळ उठला. सगळे हसतोय, माना डोलावतोय. धूर नळीत मावेना. लेक म्हणाली, "आई, खा गं! ते तुझ्यासाठी थांबलेत." "मग सांग त्यांना, मी त्यांच्यासाठी थांबलेय." "त्यांना ते कळणार नाही." "जेवायला वाढलेलं खावं, एवढं कळायला काय लागतं?" "तेच तर तुला सांगतेय!"

आणि ती आली.

(चाल बदलते. कमरेवर हात, हातात काल्पनिक कात्री.)

वाढणारी बाई. सत्तरी ओलांडलेली, आखूड कुरळे केस. तिथं सगळे तिला मावशीच म्हणतात. मला कोरियन येत नाही, पण ती जे बोलली ते मला शब्दन्‌शब्द कळलं. "एवढ्या चांगल्या मांसाचा कोळसा केलात, आणि दात काय काढताय एकमेकांकडं बघून?" सर खाली बघायला लागले. सैनिक उभा राहिला. चिमटा तिनं मागितलासुद्धा नाही, तिच्या हातात गेला.

करपलेले तुकडे बाजूला. काळी जाळी काढली, नवी टाकली. नव्या पट्ट्या, कचाकच. मग तळहातावर लेट्यूसचं पान घेतलं, त्यावर हिरवंगार उग्र वासाचं दुसरं पान. मांसाचा तुकडा तिळाच्या तेलात-मिठात बुडवला, ठेवला. वर लालसर चटणी, कच्च्या लसणाची चकती, मिरचीचा तुकडा. पुरचुंडी केली. मला वाटलं, सरांना देतेय.

(तोंडाचा मोठा 'आ' करते. गाल फुगवून बराच वेळ चावते. बोलायला जाते, बोट वर करते, पुन्हा चावते.)

ती पुरचुंडी तोडून खायची नाही. एका घासात. आणि तोंड भरलेलं असलं की आग्रह करता येत नाही हो! मी "घ्या ना" म्हणायला गेले, नुसतं "घँ" आलं. तेवढ्यात चारीजण तुटून पडले. लसूण नाकात, चरबी जिभेवर, डोळ्यांत पाणी. मिरचीनं नाही, मिरची अगदीच सोज्वळ होती. मला याआधी पहिला घास कुणी, कधी भरवला होता, मीसुद्धा विसरले होते. (क्षणभर थांबते.) आणि चांगलं झालं होतं हो डुक्कर!

आठ वाटे संपले. पोटात जागा नाही. तर मावशी पुन्हा हजर. लेक म्हणाली, "आई, ती विचारतेय जेवायला काय घेणार?"

"मग आत्तापर्यंत काय चाललं होतं?"

"ते मांस झालं. आता जेवण. भात आणि आंबवलेल्या सोयाबीनची आमटी, नाहीतर बर्फ घातलेल्या नूडल्स."

अहो, ऊर भरून आला! आमचे सासरे अर्धा किलो मटण संपवून विचारायचे, "भात टाकलाय ना? जेवायचं राहिलंय अजून." त्यांना लोक खादाड म्हणायचे. इथं अख्खा देश त्यांच्या बाजूनं! भात आला, झाकणाच्या स्टीलच्या वाटीत. ती वाटी बघून मात्र हसू आलं. १९७० च्या दशकात तांदळाची टंचाई होती, तेव्हा हॉटेलात लोकांनी भात कमी खावा म्हणून सरकारनं वाटीचं माप ठरवून दिलं होतं. सरकारला सासरे माहीत नव्हते. त्यांनी दुसरी वाटी मागितली असती.

मग बिल. रिवाज असा, की मोठ्यानं द्यायचं. फुकटचा मान कुठंच मिळत नाही. मी एप्रनखालून पर्स काढली, दाराजवळच्या गल्ल्यावर गेले. तर तिथला माणूस हात हलवतोय, पैसे पोचले! सर मघाशी हात धुवायला म्हणून उठले होते ना? तेव्हाच. हा तर आमचा डाव! म्हटलं निदान मावशीला शंभरेक रुपये द्यावेत, तर तिथं टिपही कुणी घेत नाही. पर्स आत गेली तशीच बाहेर आली.

पण सर आता परिषदेला पुण्याला येतायत, तिथून कोल्हापूरला, माझ्या घरी. आमच्याकडं पाहुणा वयानं मोठा होत नाही, पाटावर बसला की होतो. तांबडा, पांढरा, सुकं, आणि मग विचारणार, "सर, जेवायला काय घेणार?" त्यांना परकं वाटू नये म्हणून टेबलाच्या कडेला घंटीचं बटणही बसवून घेतलंय. वाढणं थांबवायचं असेल तर दाबायचं.

सेल मात्र मी काढून ठेवलेत.

(पडदा.)