अण्णांचं पॉइंट वन

प्रत्येक सोसायटीत एक घर असं असतं की तिथे सिनेमा बघायला जायचं आणि सिनेमा सोडून बाकी सगळं बघून यायचं. आमच्याकडे हा मान अण्णांचा. बँकेतून निवृत्त, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, मुलगी दिलेली, मुलगा-सून खालच्या मजल्यावर. अण्णा सिनेमा बघत नाहीत, 'सीन लावतात'. 'जुरासिक पार्क'मध्ये टी-रेक्स येण्याआधी गाडीतल्या ग्लासातलं पाणी थरथरतं, तो त्यांचा अत्यंत आवडता सीन. ती थरथर डॅशबोर्डखाली गिटारची तार ओढून, ती छेडून काढली होती, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. टी-रेक्सचं पाऊल त्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की त्याला कोणत्या पायात कुरूप आहे तेसुद्धा सांगतील. पण पुढे त्या पार्कचं काय झालं, हे विचारा. "पुढे आवाजाच्या दृष्टीने काही विशेष नाही," असं म्हणून ते डिस्क काढतात.

या माणसाचं चरित्र लिहायचं तर ते खोक्यांच्या मापात लिहावं लागेल. सुरुवात सदाशिव पेठेतल्या वाड्यात झाली. बारा इंची वूफर, सुताराकडून करून घेतलेली प्लायवुडची दोन खोकी, वर सनमायका. अॅम्प्लिफायर पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून जोडून आणलेला, आत 4440 नंबरची आयसी. तो लावला की गाणं सुरू होण्याआधी एक गंभीर 'हंऽऽऽ' यायचा. अण्णा त्याला अॅम्प्लिफायरचा श्वास म्हणायचे. खर्ज कमी पडतोय असं वाटल्यावर त्यांनी त्या काळातला लोकमान्य उपाय केला : मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर बसवला. अण्णांचं नि काकूंचं नुकतंच लग्न झालं होतं. चैत्रात पाणी भरायला म्हणून त्यांनी माठ शोधला, तर माठ बाहेरच्या खोलीत वाजत होता. पुढची चाळीस वर्षं कशी जाणार आहेत, हे मला त्या दिवशीच कळलं, असं काकू सांगतात.

"मला तुमचं गाणं चालेल, पण ही कपाटं नकोत," असं काकू म्हणाल्या आणि अण्णांच्या घरात लहान स्पीकरचा शोध सुरू झाला. अण्णा मात्र याचं श्रेय काकूंना न देता एडगर व्हिल्चरला देतात. हा अमेरिकन गृहस्थ. 1954 साली त्याने स्पीकरचा डबा हवाबंद केला आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगच्या कामाला लावलं. त्यामुळे कपाटाएवढ्या स्पीकरमधून निघणारा खर्ज पुस्तकाच्या फळीवर मावणाऱ्या डब्यातून निघायला लागला. त्याच कंपूतल्या हॉफमनचा नियमही अण्णांना तोंडपाठ आहे : डबा लहान, खर्ज खोल आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी मिळतील, तिसरी सोडावी लागेल. हा नियम त्यांनी एकदा आमच्या मजल्यावर दुखवट्याला आले असताना सांगितला होता. गेलेले आजोबा रेडिओचे शौकीन होते, एवढाच धागा त्यांना पुरला.

मध्ये पीएमपीओचं युग येऊन गेलं. नव्वदीत प्रत्येक डेकच्या पुढच्या बाजूला सोनेरी स्टिकर असायचा, 'पीएमपीओ 1000 वॅट'. क्षणभर, तेही कागदावर, जी ताकद निघू शकेल असं मानायचं, तिचा हा आकडा. त्याच डेकच्या मागे, वायरीजवळच्या पट्टीवर तो किती वीज घेतो तेही लिहिलेलं असायचं : चाळीस वॅट. खाणार चाळीस आणि देणार हजार. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला हे खटकायला हवं होतं, पण अण्णांनी पट्टी कधी वाचलीच नाही. ते पुढूनच बघत.

मग न्यू जर्सीचा मेहुणा सुट्टीवर आला आणि येताना बोसचे इवलेसे चौकोनी ठोकळे घेऊन आला. अमर बोस हे अण्णांचं दैवत. वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांना चुकवून अमेरिकेत गेलेले. मुलगा 1929 साली फिलाडेल्फियात जन्मला, एमआयटीत शिकला, तिथेच शिकवू लागला, आणि हौसेने घेतलेल्या महागड्या स्पीकरचा आवाज पसंत न पडल्यामुळे या विषयात शिरला. अण्णा हे सगळं चुलतभावाबद्दल बोलावं तसं सांगतात. 1968 च्या बोस 901 मध्ये नऊ स्पीकर होते, त्यांतले आठ मागे भिंतीकडे तोंड करून. मैफिलीत बराचसा आवाज भिंतींवरून परतूनच आपल्याकडे येतो, हा त्यामागचा विचार. तो वाचल्या दिवशी अण्णांनी आपली सुतारी खोकी भिंतीकडे वळवली. भिंतीपलीकडच्या जोशीकाकांकडे तेव्हापासून सुरेख स्टिरिओ ऐकू यायला लागला.

1987 सालच्या त्या ठोकळ्यांची करामत मात्र खरोखर दाद देण्यासारखी. हातात मावणारी जोडी फळीवर ठेवायची, आणि खर्ज काढणारा मोठा डबा सोफ्यामागे सारायचा. खोल खर्ज कुठून येतोय ते आपल्या कानाला कळत नाही, तो सगळीकडून आल्यासारखा वाटतो. त्यामुळे पाहुणा ठोकळ्याकडे बघून तोंडात बोट घालतो. माझं मत विचाराल तर लहान स्पीकर म्हणून जगात जे खपलं ते पुष्कळदा मोठा डबा लपवण्याचं कसब आहे. काकूंनाही ते पसंत पडलं. त्यांनी ठोकळे शोकेसमध्ये लाकडी बाहुल्यांशेजारी बसवले आणि सोफ्यामागच्या डब्यावर भरतकामाचा रुमाल घालून वर मनीप्लँट ठेवला. वॉल्यूम वाढवला की मनीप्लँट हलतो. त्यावरून काकू खर्जाचा अंदाज घेतात.

डीव्हीडीबरोबर घरात फाइव्ह पॉइंट वन आलं आणि अण्णा हाताबाहेर गेले. पाच पूर्ण वाहिन्या आणि एक नुसती खर्जाची, 120 हर्ट्झच्या आतली. आवाजाच्या पट्ट्याचा तेवढाच तुकडा म्हणून ती 'पॉइंट वन'. अण्णांचा सगळा जीव या पॉइंट वनमध्ये. त्यांना मुलं डॉल्बीकाका म्हणायला लागली, तेव्हा ते खवळले, कारण आपल्याकडे डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. "तो गोंगाट, हे शास्त्र," असं ते म्हणाले. खालच्या मजल्यावर सुनेच्या फडताळातल्या वाट्या त्या शास्त्राने वाजत होत्या.

सबवूफर खोलीत नेमका कुठे ठेवायचा, याची एक मान्यताप्राप्त पद्धत आहे. मला वाटलं होतं अण्णा थापा मारतायत, पण जगभरचे शौकीन हेच करतात. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागी, म्हणजे सोफ्यावर ठेवायचा, खर्जाचं गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगत फिरायचं. जिथे खर्ज सारखा, स्वच्छ ऐकू येईल ती सबवूफरची जागा. कारण साधं आहे. 40 हर्ट्झची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते आणि अण्णांची खोली चौदा फुटांची. लाट भिंतींवर आपटून परत येते, कुठे स्वतःलाच वाढवते, कुठे स्वतःलाच खाऊन टाकते. कोपऱ्यात घुमतं, मध्ये काहीच नाही.

तर रविवारी सकाळी मी दूधवाल्याचे सुटे पैसे मागायला गेलो, तेव्हा सबवूफर सोफ्यावर लोडाला टेकून बसला होता आणि अण्णा टीपॉयखालून चार पायांवर येत होते. चष्मा कपाळावर, लुंगी खोचलेली, एक कान जमिनीला. "हलू नकोस," ते म्हणाले, "तू आत आल्याने खर्ज बदलला." तेवढ्यात कामवाल्या बाई आल्या, त्यांनी काकूंना हळूच विचारलं, काय हरवलंय? काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, अजून सापडलं नाही." शेवटी जागा मिळाली. खोलीतला सर्वोत्तम, निर्मळ, एकसंध खर्ज ऐकू येत होता तो फ्रिजच्या पोटात. फ्रिज हलवायचा प्रस्ताव आला तसा फेटाळला गेला.

हल्ली साउंडबार आलाय. याला कारण टीव्ही. टीव्ही इतका पातळ झाला की त्यात स्पीकरला जागाच उरली नाही, आणि मालिकेतल्या सासवांचे संवाद कळेनात. 2012 साली थिएटरात आणि दोन वर्षांनी घराघरात अॅटमॉस आलं. त्यात पाऊस डोक्यावरून पडतो, हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं. छतावर स्पीकर न लावता हे साधायचं, तर साउंडबारमधला एक स्पीकर वर तोंड करून आवाज छतावर फेकतो आणि तो परतून आपल्यावर पडतो. अण्णांचं म्हणणं, वाटेत पंखा आला की आवाज कापला जातो. त्यामुळे मे महिन्यात आम्ही बंद पंख्याखाली बसून, घामाने निथळत, अॅटमॉसचा पाऊस ऐकला. काकूंनी सगळ्यांना पन्हं दिलं. ते मात्र फार छान झालं होतं.

परवा नातू वर आला. आठवीत आहे, शाळेत ध्वनी शिकवतायत. त्याने फोनवर कसलंसं अॅप काढलं, ज्यात हर्ट्झचा आकडा टाकला की तेवढा सूर वाजतो. वय वाढतं तसे वरचे सूर आधी जातात, हे त्याला शिकवलेलं होतं, पण आजोबांना माहीत नसेल असं त्याला वाटलं. अण्णा हसले. डोळे मिटून, ताठ बसून म्हणाले, "लाव."

आठ हजार. "येतोय." दहा हजार. "स्वच्छ." बारा हजारांना अण्णा जरा थांबले, मान तिरपी केली आणि म्हणाले, "येतोय, पण खोलीच्या डाव्या बाजूला थोडा जास्त." मला येत होता, अगदी बारीक, डासासारखा. सोळा हजारांना मला काहीच ऐकू येईना. अण्णांनी मात्र भुवया उंचावल्या. "हा बघ. हा खरा वरचा सूर. जरा टोचतो, पण काय स्पष्टता आहे!"

"आजोबा," नातू म्हणाला, "मी अजून प्ले दाबलं नाहीये."

काकू स्वयंपाकघरातून हसत बाहेर आल्या, हातात झारा. अण्णा डोळे उघडून फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन हातात घेतला, उलटा केला, खालची बारीक भोकं नखाने खरवडली. "एवढ्याशा स्पीकरला सोळा हजार कुठून झेपणार?" ते म्हणाले. "हे सगळं लहान करण्याच्या नादात आपण वाया गेलो. आवाजाला जागा लागते, हवा लागते. हॉफमन मूर्ख नव्हता." काकूंचं हसणं तिथेच थांबलं.

रात्री साडेनऊला अण्णांनी माझं दार वाजवलं. रविवारी सकाळी तपकीर गल्लीतल्या स्पीकरच्या दुकानांत माझ्याबरोबर येशील का, असं विचारलं. मी हो म्हटलं. जिना उतरता उतरता ते वळले आणि हळू आवाजात, काकूंना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "तुझ्या गाडीची डिकी केवढी आहे रे?"