विडीचे पारखी

चेलाडी फाट्याला महामार्ग सोडून वेल्ह्याकडे वळा, नाहीतर कापूरहोळवरून भोरची वाट धरा. एसटी जिथे थांबते तिथे एक पानटपरी असते आणि टपरीसमोरच्या बाकड्यावर एक आबा असतात. डोक्यावर टोपी, अंगात बंडी, बंडीच्या खिशात काडेपेटी. विडीबंडल मात्र खिशात नसतं. कारण आबा विडी ओढत नाहीत, पारखतात. ओढणं हा त्या पारखण्यातला अगदी शेवटचा आणि त्यांच्या मते किरकोळ भाग.

गिऱ्हाईक बंडल घेतं. कागद फाडायच्या आत आबांचा हात पुढे येतो. “बघू.” या ‘बघू’ला नाही म्हणायची दोन्ही तालुक्यांत रीत नाही. आबा एक विडी उपसतात, कानाशी धरतात आणि चिमटीत हलकेच फिरवतात. कुरकुरली तर पान नीट वाळलेलं, गप्प राहिली तर माल दमट. मग नाकाखालून एक फेरी. मग डोळे बारीक करून निमुळत्या टोकाचा दोरा बघायचा, पुढच्या तोंडाची घडी बघायची, मधे अंगठ्याने दाबायचं. “भरन कमी हाय.” एवढं सगळं झाल्यावर काडी ओढली जाते. पहिला झुरका हिशेबात धरायचा नसतो, तो काडीच्या गंधकाचा. दुसरा पानाचा. तिसरा तंबाखूचा. निकाल तिसऱ्यानंतर. तोवर विडी अर्धी झालेली असते आणि निकालाची खातरजमा करायला उरलेली अर्धी लागते.

निकाल ठरलेला असतो. “पयल्यासारखी ऱ्हायली न्हाय.”

आबांचं ज्ञान मात्र वरवरचं नाही. टेंभुर्णीचं पान गडचिरोली-गोंदियाकडचं, ऐन उन्हाळ्यात तोडलेलं. तंबाखू निपाणीचा की गुजरातेतला, हे ते एका झुरक्यात सांगतात आणि खोटं ठरवायला समोर कोणी नसतं. निपाणीचं नाव घेताना त्यांचा आवाज, गवयाने घराण्याचं नाव घ्यावं तसा उतरतो. त्यांच्या वडिलांच्या काळी रानातल्या आपट्याच्या पानात तंबाखू वळायची पद्धत होती. “दसऱ्याला सोनं, एरवी विडी. आपट्यानं दोन्ही बाजूनं संभाळलं आमाला,” असं ते सांगतात.

पावसाळ्यात या ज्ञानाला भाव येतो. क्युबातला सिगार म्हणे ओल टिकावी म्हणून खास लाकडाच्या पेटीत ठेवतात. वेल्ह्यात आषाढात ओल टिकवायला पेटी लागत नाही. तोरणा आठवडाभर ढगातून बाहेर येत नाही, काडेपेटी पेटत नाही, अंथरूणसुद्धा पिळून घालावं लागतं. इथे सगळी अक्कल विडी कोरडी ठेवण्यात लागते. बंडल चुलीच्या वरच्या फळीवर, पण मिठाच्या बरणीपासून लांब. जवळ ठेवलं तर लवण लागतं आणि फार तापलं तर पान तडकतं. किती वीत लांब, हे आबा घरोघरी जाऊन दाखवून येतात. येताना पारखूनही येतात.

शिफारशीत तर त्यांचा हात धरणारा नाही. भातलावणीवरून चिखलातून आलेल्याला जाड, कडक विडी. वरंधा घाटातून खाली महाडला निघालेल्या ट्रकवाल्याला लांब, संथ जळणारी. चोरून ओढणाऱ्या गुरुजींना आखूड, घंटा व्हायच्या आत संपणारी. मिसरूड न फुटलेला पोरगा आला, तर टपरीवाल्याच्या आधी आबाच तोंड उघडतात, “तुला गोळी दे म्हनतो लिमलेटची.” अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकू नये, हा कायदा या बाकड्याइतका कडक दुसरीकडे कुठे पाळला जात नसेल.

बाकीचे कायदे आबांना आपल्यावर रोखलेले वाटतात. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. मग आबा बाकड्यावरून उठून मागच्या बांधावर जाऊन पारखू लागले. २०२० मध्ये राज्याने सुटी विडी-सिगारेट विकायला मनाई केली. “म्हंजी चाखायला अख्खं बंडल घ्यायचं? पाटीतली करवंदं चाखून बघतोच की आपन!” असं म्हणून त्यांनी आपला मुक्काम दुसऱ्याच्या बंडलावर कायमचा हलवला. तसा तो आधीपासून तिथेच होता. बंडलावर मोठं थोरलं धोक्याचं चित्र आलं, तेव्हा टपरीवाल्याला वाटलं आता तरी आबा बिचकतील. आबांनी चित्र उन्हात धरून बघितलं आणि सांगितलं, “छपाई पुसट हाय. माल डुप्लिकेट.”

संभाजी विडीचं नाव बदलून साबळे विडी झालं, तेव्हा आबा बदलाच्या बाजूचे होते. “राजांचं नाव थोटकावर नगंच. थोटूक पायाखाली जातं.” पुढे वेल्हे तालुक्याचाही राजगड तालुका झाला. त्यावरही त्यांची हरकत नव्हती. “नावं बदला, तंबाखू बदलू नका,” एवढंच.

खरं सांगायचं तर आबांना आयुष्यात कोणी काही विचारलेलं नाही. धरण कुठे बांधायचं, रस्ता कुठून न्यायचा, पोरांनी पुण्याला खोली घ्यायची की गावचं घर दुरुस्त करायचं, सगळं त्यांना ठरल्यावर कळलं. विडी कशी आहे, हे मात्र लोक थांबून विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून विडी बंद करायला सांगितलं, तेव्हा आबा म्हणाले, “मी कुठं वडतो? लोकांची बघून देतो.” यावर आजींचं मत वेगळं आहे. “गावाच्या विड्या पारखत्यात, खोकला मातूर घरी आनत्यात.”

परवा तोरण्यावरून उतरलेल्या पुण्याच्या पोरांपैकी एकाने पिशवीतून ॲल्युमिनियमची नळी काढली आणि नळीतून सिगार. बाकडं गप्प झालं. “आबा, हातानं वळलेला आहे, क्युबाचा. बघता का?”

आबांनी सिगार कानाशी धरला, फिरवला, दाबला. “पान कसलं?”

“पानही तंबाखूचंच.”

“आत तंबाखू, वर बी तंबाखू? भाताला भाताचीच पत्रावळ!”

पोराने सांगितलं, की धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच खेळवायचा. आबा म्हणाले, “मग ही वडायची कशाला, चूळच भरायची की!” तरी तिन्ही झुरके यथासांग झाले. राख बोटभर लांब झाली तरी पडेना, तेव्हा आबांचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. “हात हुशार हाय वळनारीचा.” मग पोराने माहिती पुरवली, की तिकडच्या कारखान्यांत वळणाऱ्यांना काम करताना मोठ्याने वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचून दाखवतात, एका सिगारचं नावही म्हणे अशाच एका कादंबरीवरून पडलं. आबांनी विचारलं, “आन हजारामागं मजुरी काय?” सिन्नरच्या, सोलापूरच्या बायका हजाराच्या हिशेबानेच विड्या वळतात, हे आबांना ठाऊक. पोराला क्युबातला भाव सांगता येईना.

“बरं आबा, दहापैकी किती मार्क?”

आबांनी बराच वेळ धूर तोंडात खेळवला. “आठ.”

“दोन का कापले?”

“पयल्यासारखी ऱ्हायली न्हाय.”

“पण आबा, तुम्ही पहिल्यांदाच ओढताय ना?”

“व्हय,” आबा म्हणाले, “पन ऱ्हायली नसंलच.” आणि खातरजमा करायला उरलेला अर्धा त्यांनी ठेवून घेतला.