एका फ्लॅटचे तीन तालुके

सन्माननीय एजंट शेठ यांस,
स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आमचं सामान एकदाचं लागलं. शेवटचा खोका काल उघडला. त्यातून खलबत्ता निघाला आणि त्यापाठोपाठ तुमची आठवण. तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही रागवाल आणि न लिहिल्यामुळे कर्जत-खोपोली पट्ट्यातले तुमचे निम्मे व्यवसायबंधू ‘हे आपल्यालाच’ म्हणून रागावतील. दुसरं मला परवडतं.

आभार मानायचे ते असे, की टू बीएचके फ्लॅट मी आयुष्यात पहिल्यांदाच तीन तालुक्यांत पसरलेला पाहिला. जाहिरातीत तो तालुका कर्जत, जिल्हा रायगड इथे होता. जमिनीवर तो तालुका खालापूरमध्ये उभा आहे. आणि तुम्ही केलेल्या अॅग्रीमेंटमध्ये तो तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर इथे जाऊन बसला. ब्रोकरेज मात्र एकाच फ्लॅटचं घेता, हा तुमचा मोठेपणा.

जाहिरात अजून माझ्या फोनमध्ये आहे. ‘कर्जत स्टेशनपासून दहा मिनिटं, माउंटन व्ह्यू.’ दहा मिनिटं कशानं, ते लिहिलं नव्हतं. शेअर रिक्षा भरायलाच दहा मिनिटं लागतात. माउंटन मात्र खरा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. व्हिडिओ कॉलवर तुम्ही बाल्कनीतून तोच इतका वेळ दाखवलात, की मोरीचा नळ दाखवायचा राहून गेला. पुढं ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर ‘ता. खालापूर’ दिसलं, तेव्हा मी फोन केला. तुम्ही म्हणालात, “शेठ, खालापूर म्हटलं की लोकांना टोलनाका आठवतो. कर्जत म्हटलं की फार्महाऊस. एरिया कर्जतचाच धरायचा.” या वाक्याला मी हरकत घेतली नाही. इथल्या निम्म्या गृहप्रकल्पांच्या फलकांना हेच वाक्य लागू आहे, हे चौक गावाकडे जाणाऱ्या रस्त्यानं एकदा गेलं की कळतं.

बायकोची बदली नागपूरहून खोपोलीला झाली होती. तिकडे विदर्भात शाळा आठवडाभर उशिरा उघडतात, इकडे जूनच्या मध्यालाच. म्हणजे नागपूरचं घर आवरायला हातात मोजून तीन आठवडे. अशा माणसाला काय हवं असतं, शेठ? चार भिंती, पाणी आणि कागद. भिंती होत्या, पाणी दिवसाआड होतं. कागदाचा विषय निघाला तेव्हा तुम्ही मला लहान मुलाला समजावतात तसं समजावलंत: “अकरा महिन्यांचं तर अॅग्रीमेंट. पाचशेच्या बॉण्डवर नोटरी मारून टाकू. रजिस्ट्रेशन कशाला?”

ही अकरा महिन्यांची श्रद्धा कुठून आली, ते मी नागपुरात खोके बांधता बांधता शोधून काढलं. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून एक महिना कमी लिहायचा, ही ती आजोबांच्या काळातली युक्ती. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 सालचा आहे आणि त्याचं कलम 55 सांगतं, की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात मला सर्वांत आवडलेला भाग पुढचा आहे. नोंदलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे भाडं अकरा हजार नसून अकराशे ठरलं होतं आणि वर मालक दर रविवारी माशाचं कालवण पाठवणार होते, असं मी म्हणू शकलो असतो. हे मी तुम्हाला फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ फक्त रिक्षांचे हॉर्न ऐकू आले. मग तुम्ही म्हणालात, “रजिस्टरच करू.”

इथवर आपलं ठीक चाललं होतं.

आता थंबकडे वळू. सरकारनं भाडेकरार ऑनलाइन नोंदवायची सोय केली आहे. निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसायला नको, आधारशी जोडलेल्या यंत्रावर अंगठा ठेवायचा, फोटो काढायचा, झालं. मालक पुण्यात राहतात, त्यांचा अंगठा पुण्यात घेतला. मग मी भोळेपणानं विचारलं, “माझा नागपुरात नाही का चालणार? माझ्या घराच्या कोपऱ्यावरच हे काम करणारं दुकान आहे.” तुम्ही म्हणालात, “नाही शेठ, भाडेकरूला इथं यावंच लागतं. नियम आहे.” कुठला नियम, ते विचारायची तेव्हा माझी प्राज्ञा नव्हती. साडेसातशे किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेसनं रात्र काढून पहाटे कल्याण, कल्याणहून कर्जत लोकल, बदलापूरच्या पुढं डबा रिकामा झाल्यावर बसायला खिडकी. कर्जतला उतरून दिवाडकरांचा वडापाव खाल्ला. त्या संपूर्ण दिवसात ठरल्याप्रमाणे मिळालेली ती एकच गोष्ट.

तुमच्या ऑफिसात पोहोचलो तर यंत्र चालेना. तुम्ही ते टेबलावर आपटलं, फुंकर मारली, शर्टाला पुसलं. शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्या पोरानं सांगितलं, “दादा, हे जुनं मशीन आधारनं बंद केलंय. नवीन घ्यावं लागतंय.” तुम्ही माझ्याकडे वळून अत्यंत शांतपणे म्हणालात, “सर्व्हर डाऊन आहे.” त्या शांतपणाबद्दल मला अजून आदर आहे. मी रात्रीच्या गाडीनं परत गेलो.

दुसऱ्या खेपेला बायको, मुलगी आणि मी असे तिघे आलो. मागून आयशर ट्रकमध्ये संसार. तुमचं नवं यंत्र आलं होतं, पण आता माझा अंगठा चालेना. बेचाळीस खोक्यांना चिकटपट्टी लावून अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. आठ वेळा ठेवला, आठ वेळा लाल. तुम्ही सल्ला दिलात, “केसांवर घासा शेठ, तेल लागतं, मग उमटतो.” मी टोपी काढून दाखवली. तुम्ही क्षणभर माझ्या डोक्याकडे पाहिलंत आणि मग, हे मी विसरणार नाही, स्वतःचं डोकं पुढे केलंत. कर्जतच्या भर बाजारात, काचेच्या दाराआड, एक भाडेकरू एजंटच्या केसांवर अंगठा घासतोय आणि त्याची मुलगी ते फोनवर टिपतेय. नवव्यांदा हिरवा आला. तुमच्या-माझ्या व्यवहारात तुम्ही मनापासून दिलेलं ते एकच तेल.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला.

“भाऊ, कर्जतले पोहोचलो. पन तुमचा डोंगर कुठी हाय?”

मी म्हटलं, समोरच दिसेल, पावसात नीट दिसत नसेल.

“पाऊस? इथं फुफाटा उडून राह्यला.”

“मग समोर काय दिसतंय?”

“पाटी हाय. रेहेकुरी काळवीट अभयारण्य.”

बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. समृद्धी महामार्ग नुकताच, 5 जूनला, शेवटपर्यंत खुला झाला होता. सरळ शेवटी आमण्याला उतरला असता तर दुपारी इथं असता. पण मी त्याला पत्ता म्हणून तुम्ही पाठवलेला कराराचा मसुदाच पुढं धाडला होता. त्यात छान टाइप केलेलं: तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर, पिन 414402. तो शिर्डीला खाली उतरला, नगर ओलांडून दक्षिणेला गेला आणि कागदात लिहिलं होतं तिथं इमानदारीनं पोहोचला. मसुदा मीही वाचला नव्हता, भाडं आणि डिपॉझिटचे आकडे तेवढे पाहिले होते. हा माझा गुन्हा मी कबूल करतो. पण त्याचे मला पैसे मिळत नव्हते.

तुम्ही म्हणालात, “लिस्टमध्ये पहिला कर्जत दिसला, त्यालाच टिक केलं.” मग म्हणालात, “काय फरक पडतो शेठ, नाव तर कर्जतच आहे.” फरक सांगतो. रायगड कोकण महसूल विभागात, अहिल्यानगर नाशिक विभागात. उद्या माझं आणि मालकांचं वाजलं असतं, तर आम्ही कुणाच्या दारात जायचं? आणि दुसरा फरक कूलरनं दाखवला. नागपूरहून आम्ही आमचा पत्र्याचा मोठा कूलर आणला होता, सवयीनं. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंती घामेजतात, पापड सादळतात. इथं कूलर लावणं म्हणजे विहिरीत पाणी ओतणं. तो दुसरा कर्जत अवर्षणग्रस्त. आमच्या अख्ख्या सामानात योग्य ठिकाणी पोहोचलेली वस्तू एकच होती आणि ती आम्ही तिथून परत मागवली.

दोनशेच्या वर किलोमीटर उलटं येऊन, बोरघाट उतरून ट्रक रात्री आठला इमारतीच्या फाटकाशी लागला. पाऊस धो धो. वॉचमन म्हणाला, अॅग्रीमेंट दाखवल्याशिवाय सामान आत नाही, सोसायटीचं पत्र आहे. अॅग्रीमेंट होतं, पण अहिल्यानगरचं. आणि एकदा अंगठा पडला की मजकूर बदलत नाही, नव्यानं करावं लागतं, हे ज्ञान तुम्ही मला तेव्हा फाटकावर, फोनवरून दिलंत. स्वतः येणार होतात, पण तुमच्याकडे पाऊस जास्त होता.

मग पुण्यात मालकांना उठवलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, जेवून आडवे झालेले. कपडे करून तिकडच्या माणसाकडे दुसऱ्यांदा अंगठा द्यायला गेले आणि फोनवर मलाच म्हणाले, “तुम्हाला फार त्रास झाला हो.” मी तुमच्या ऑफिसात परत, पुन्हा तुमचं डोकं. ताडपत्रीला कोपऱ्यात भोक होतं, ते बरोबर गाद्यांवर. बायको ट्रकच्या केबिनमध्ये बसून मुलीला नव्या शाळेचं वेळापत्रक वहीत उतरवून देत होती. सव्वानऊला नवा करार सादर झाला. सोसायटीच्या सेक्रेटरी काकू छत्री घेऊन खाली आल्या, माझा फोन हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मोठ्यांदा वाचलं: “तालुका खालापूर, जिल्हा रायगड. बरोबर आहे. घ्या रे आत.” या सगळ्या व्यवहारात पत्ता आपणहून वाचणारी पहिली व्यक्ती ती. तिला कुणी ब्रोकरेज दिलं नाही.

आता हिशेब. ‘गव्हर्मेंट खर्च’ म्हणून तुम्ही माझ्याकडून पाच हजार घेतलेत. मुद्रांक शुल्क म्हणजे अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. भाडं अकरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार. कसंही मोजा, रक्कम चारशेच्या वर जात नाही. नोंदणी फी नगरपरिषदेच्या हद्दीत हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. तुम्ही हजार लावलेत. मी विचारलं तर म्हणालात, “कर्जत म्हणजे नगरपरिषद आली.” वा! जाहिरातीत कर्जत शहर, फीला कर्जत शहर, पाणी मात्र ग्रामपंचायतीचं. त्यात कागद हाताळायचं शुल्क धरलं, नवं यंत्र धरलं, तुमच्या केसांचं तेलही धरलं, तरी पाच हजारांत कोणतं गव्हर्मेंट बसतं ते कळत नाही.

ब्रोकरेज एक महिन्याचं ठरलं होतं. अर्धं आधी दिलंय. उरलेल्या साडेपाच हजारांसाठी तुमचे आठवड्यात चार फोन झाले. शेवटच्या फोनवर तर तुम्ही म्हणालात, “शेठ, व्यवहार म्हणजे व्यवहार.” मान्य. चेक लिहून स्पीड पोस्टानं रवाना केलाय. पाकिटावर तुमचं नाव, ऑफिसचं नाव, खाली मुक्काम पोस्ट कर्जत. तालुका, जिल्हा आणि पिन तुमच्याच मसुद्यातून अक्षरशः उतरवलेत: 414402. दोन-चार दिवसांत पोहोचेल.

जाऊन घेऊन या. तिकडे पाऊस कमी असतो.

कळावे,
आपला,
एक भाडेकरू
(ता. खालापूर, जि. रायगड)

ता. क. कूलर विकायचा आहे. तिकडे जाताच आहात तर गिऱ्हाईक बघा. ब्रोकरेज देईन.