आतला प्राइमर दिसतोय

माझ्या रुपेरी गाडीवर एका सकाळी पिवळट रेघ दिसली. पुढच्या दारावर हातभर, मागच्यावर वीतभर. रात्री एक वाजेपर्यंत व्हिडिओ पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये उकिडवं बसून, वॉचमनला ऐकू जाईल अशा बेताने निदान केलं, "आतला प्राइमर दिसतोय."

पत्र्यावर प्राइमर, प्राइमरवर रंग आणि रंगावर पारदर्शक क्लिअर कोट. हा वरचा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. केसाशी माझा संबंध सुटून बरीच वर्षं झाल्यामुळे हा इशारा मी फारसा मनावर घेतला नाही. रेघेवर नख फिरवून बघावं, अडकलं तर ओरखडा खोल, असंही कळलं होतं. माझं नख अडकलं नाही. कालच नखं कापली होती, त्यामुळे असेल.

गॅरेजवाला एका दाराचे चार हजार सांगणार. विमा मागावा, तर पाच वर्षं अंड्यासारखा जपलेला ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस हातचा जाणार. तेव्हा घरचा कारागीर बरा.

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो मऊ, हे आता मी झोपेतही सांगेन. त्या दिवशी दुकानदाराने "दोन हजार देऊ का?" विचारलं, तेव्हा मला वाटलं, एवढा जहाल कशाला? मी २२० घेतला. "गेट घासायचंय का?" या त्याच्या प्रश्नातली काळजी मला कळली नाही.

रेघ मात्र दहा सेकंदांत गेली! तिच्यामागोमाग क्लिअर कोट गेला, चंदेरी रंग गेला आणि खालून राखाडी प्राइमर वर आला. राखाडी. मग ते पिवळं काय होतं, हा प्रश्न डोकावला होता; पण मी स्प्रेचा डबा हलवण्यात गुंतलो होतो.

गाडीच्या रंगाला कोड असतो, तो गाडीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. मी "सिल्व्हर द्या" म्हटलं होतं. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचा बारीक चुरा असतो. तो कसा बसतो त्यावर चमक ठरते. माझा चुरा मनाला येईल तसा बसला. त्यातून आषाढ, हवा ओलीचिंब. अशा हवेत रंग पांढुरका पडतो, तसा तो पडला. कडेला लावलेला वर्तमानपत्राचा कागद ओढला, तर कर्क राशीचं भविष्य दारावरच राहिलं.

"अहो, दाराला इस्त्री केलीत का?" एवढंच ही म्हणाली.

शेवटी गॅरेज. मिस्त्रीने पुढच्या दाराकडे बराच वेळ पाहिलं. लांबी, प्राइमर, रंग, क्लिअर कोट आणि शेजारचा पत्रा वेगळा दिसू नये म्हणून तिथेही थोडी फवारणी, असा हिशेब करत तो साडेसहा हजारांवर थांबला. मग त्याची नजर मागच्या दारावर गेली. तिथली वीतभर रेघ मी पुढच्या रविवारसाठी राखून ठेवली होती. त्याने फडक्यावर बोटभर रबिंग कंपाउंड घेतलं, चारदा फिरवलं. रेघ नाहीशी. फडकं पिवळं.

"काका, तुमच्या पार्किंगचे खांब पिवळे आहेत का?"

"पिवळे आणि काळे," गाडीतूनच हिने सांगितलं. "काळा पट्टा जरा वर आहे. तो अजून यांना लागायचाय."