यंदा स्लॉट अवघड होता

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार उलटला की सोमवारी हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एक तरुण चहाचा कप धरून सांगत असतो, "स्लॉट अवघड होता." त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. आयआयएमच्या प्रवेशासाठीची कॅट सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन स्लॉटमध्ये होते आणि तिन्हींचे गुण संख्याशास्त्राने एका पातळीवर आणले जातात, हे आपल्याला त्यानेच कधीतरी समजावलेलं असतं. तरी अवघड स्लॉट दरवर्षी न चुकता त्याच्याच वाट्याला येतो.

हा फेरपरीक्षार्थी. त्याला नापास म्हणायची सोय नाही, कारण कॅटमध्ये कुणी नापास होत नाही. पर्सेंटाइल मिळतं. याला सत्त्याण्णव पॉइंट काहीतरी मिळतं आणि घरात आजी देवापुढे साखर ठेवते. परीक्षेला बसणारे तीन लाखांच्या आसपास, तेव्हा नव्व्याण्णव मिळवणाऱ्याच्याही पुढे तीनेक हजार माणसं उभी असतात, हे आजीला कोण सांगणार?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एमपीएससीच्या मुलाबद्दल लोकांना कळवळा असतो. मेसवाल्या काकू त्याला एक पोळी जास्त वाढतात. फेरपरीक्षार्थीच्या नशिबी तेही नाही, कारण तो कमावता आहे. मेकॅनिकलची पदवी घेऊन तो सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो, दर महिन्याला पगार येतो, गाडीचे हप्ते जातात. शिवाय यूपीएससीला खुल्या गटातून सहा संधी आणि वयाची बत्तिशी अशी मर्यादा असल्यामुळे सरकार माणसाला केव्हा ना केव्हा घरी तरी पाठवतं. कॅटला वयाची अट नाही, संधींची मोजदाद नाही. अडवणारंच कुणी नाही म्हटल्यावर भला माणूस थांबणार कशाला?

परीक्षेचं त्याचं ज्ञान अगाध आहे. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायांच्या प्रश्नात चुकलं तर एक वजा, प्रत्येक विभागाला चाळीस मिनिटं, हे कुणालाही पाठ असतं. तो त्याच्या पुढचं सांगतो: आकडेवारी आणि तर्काच्या डीआयएलआर विभागातला कुठला सेट सोडायचा, पर्याय नसलेल्या कुठल्या टिटा प्रश्नावर ठोकून द्यायचं. त्याच्या मॉक टेस्टच्या एक्सेलवर अभ्यास करून त्याच्याच टीममधली सांगलीची बीकॉम झालेली मुलगी आयआयएम कोझिकोडला गेली. "तिला डायव्हर्सिटीचे गुण मिळाले," हे त्याचं पहिलं वाक्य. तिने पहाटे चारला उठून अभ्यास केला होता, हे तिसऱ्या वाक्यात येतं. आणि तिच्या शैक्षणिक कर्जाच्या कागदपत्रांसाठी बँकेत तिच्याबरोबर रांगेत तोच उभा होता, हे तो सांगतच नाही.

त्याचं खरं दुखणं दहावीत आहे. फेरपरीक्षार्थी सगळं बदलू शकतो, क्लास, कंपनी, चष्म्याचा नंबरसुद्धा. दहावीची गुणपत्रिका तेवढी बदलत नाही. आणि आयआयएमवाले मुलाखतीला बोलावताना तीही तोलतात. निकालाच्या दिवशी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने ९४ टक्के झाले म्हणून वडिलांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. कॅटच्या अर्जाला मात्र बोर्डाच्या मायेशी देणंघेणं नाही. गुणपत्रिकेवरचे सगळे विषय धरा, म्हणतो. सहावा विषय हिंदी, गुण ७६. झाले ९१.

"संस्कृत घेतलं असतं तर अहमदाबाद होतं," तो वडिलांना दर ऑगस्टमध्ये अर्ज भरताना ऐकवतो.

"हिंदी देशभर उपयोगी पडते म्हणून घ्यायला लावली," वडील म्हणतात. "अहमदाबादेतसुद्धा."

तो संस्थांची उतरंड एखाद्या कुलवृत्तांताच्या निष्ठेने सांभाळतो. अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता ही थोरली पाती. २०१५ साली सुरू झालेल्या नागपूरचं नाव काकांनी काढलं की तो कसनुसं हसतो. पवईच्या नीटीचा तर त्याने अर्जही भरला नव्हता, "शिक्का आयआयएमचाच हवा" म्हणून. २०२३ साली त्याच नीटीचं आयआयएम मुंबई झालं. त्या दिवशी त्याने ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

मुलाखतीत दुसऱ्यांदा आलेल्याला हमखास विचारतात, "मागच्या वर्षीपासून तुमच्यात काय बदललं?" या एका प्रश्नाने त्याच्या आयुष्याचा ताबा घेतला आहे. बदल दाखवायचा तर काहीतरी घडायला हवं, म्हणून घरात जे घडेल ते तो टिपून ठेवतो. बहिणीचं लग्न पार पडलं, त्याचं 'तीनशे माणसं, ठरलेल्या बजेटमध्ये' झालं. आजोबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला दोन रात्री दवाखान्यात बसला, ते 'क्रायसिस मॅनेजमेंट'. आजोबांनी ते ऐकलं आणि पुढच्या तपासणीला शेजाऱ्याला घेऊन गेले. शनिवारी तो वस्तीतल्या मुलांना शिकवतो. शिकवतो मनापासून, यात शंका नाही. पण मुलांना एवढं कळलंय की हे सर गणपतीनंतर येतात आणि होळीपर्यंत राहतात.

मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीने सहज विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" यावर तो चार मिनिटं अस्खलित इंग्रजीत बोलला. मुलीच्या आईने पोह्यांची बशी हळूच मागे घेतली.

यंदा मात्र गाडी पुढे सरकली. कॉल आला, मुलाखत झाली आणि एका जुन्या, नामांकित ठिकाणी तो वेटलिस्टवर लागला. वेटलिस्ट हलते ती वरच्यांना आणखी चांगलं काही मिळालं आणि त्यांनी जागा सोडली तरच. त्यामुळे गेले काही आठवडे फेरपरीक्षार्थी अतोनात परोपकारी झाला आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढचे सगळे त्याला सापडलेत. त्यांच्या इतर मुलाखती कशा झाल्या याची तो रोज चौकशी करतो, एकाला बंगळूरच्या मुलाखतीची तयारी करून दिली, दुसऱ्याला सर्दी झाली तर काढ्याची कृती पाठवली.

आईने शेवटी सत्यनारायण घातला. गुरुजींनी संकल्पाला हातात पाणी दिलं आणि विचारलं, "कुणासाठी करायचा?"

"माझ्या पुढच्या एक्केचाळीस जणांना अहमदाबाद मिळावं म्हणून," त्याने सांगितलं.

गुरुजी क्षणभर थबकले. मग म्हणाले, "हरकत नाही. नावं आणि गोत्रं सांगा."

त्याने लॅपटॉप उघडला. नावं होती, पर्सेंटाइल होतं, दहावी-बारावीचे टक्के होते, कामाचा अनुभव महिन्यांत होता. गोत्राचा रकाना तेवढा राहून गेला होता, म्हणून पूजा अर्धा तास थांबवून त्याने ग्रुपवर मेसेज टाकला.