तेहतीस हत्यारं, एक खिसा

खिशात मल्टिटूल बाळगणारा माणूस ओळखणं सोपं आहे. चारचौघांत कुणी नुसतं "अरे, या चष्म्याचा स्क्रू..." एवढं म्हणायचा अवकाश, याचा उजवा हात खिशाकडे गेलेला असतो. वाक्य पुढे "...कालच बसवून आणला" असं संपलं की याचा चेहरा पडतो. बाकीची माणसं संकट टळावं म्हणून नारळ फोडतात. हा मनातल्या मनात म्हणत असतो, येऊ दे एखादं. फार मोठं नको, स्क्रूचं असलं तरी चालेल.

हे अंदाजाने सांगत नाही, मी त्याच पंथातला आहे. दीक्षा मेव्हण्याने दिली. अमेरिकेतून येणाऱ्याने बायकांसाठी सेंट, पोरांसाठी चॉकलेटं आणि पुरुषांसाठी काहीतरी लोखंडी आणायचं, असा त्या काळी अलिखित नियम होता. "भावजी, हे खास तुमच्यासाठी," म्हणत त्याने एक लाल, जाडजूड वस्तू माझ्या हातात ठेवली. व्हिक्टोरिनॉक्सचा स्विसचँप. वजन 185 ग्रॅम, कामं 33. तेहतीस म्हटल्यावर मला आपले तेहतीस कोटी देव आठवले. हे साम्य पुढे वापरताना जास्तच पटलं. आकडा सगळ्यांना पाठ असतो, नावं पाच-सहांचीच येतात, आणि गाऱ्हाणं घालायचं ते नेहमीच्या दोघा-तिघांकडे.

त्यात मोठं पातं आहे, लहान पातं आहे. लाकडाची करवत आहे, लोखंडाची आहे, आणि तिच्याच अंगावर कानस आहे. पटाशी, टोच्या, भिंग, पेन, टाचणी, पक्कड, कात्री. सुतळीने बांधलेलं पार्सल अडकवून न्यायला एक आकडा आहे. शिवाय माशाचे खवले काढायची एक पट्टी आहे. तिच्या टोकाला गळ सोडवायची खाच आणि कडेला सेंटिमीटरच्या खुणा. मासा पकडणारा माणूस मासा केवढा होता याबद्दल खरं बोलत नाही, हे स्विस कारखानदारालाही ठाऊक असावं. आमचं घर असं की चातुर्मासात कांदा-लसणाचंही नाव निघत नाही. आईने ती पट्टी बाहेर काढून विचारलं, "हे काय रे?" मी म्हटलं, "फूटपट्टी." तिने लगेच देव्हाऱ्यातल्या आसनाचं माप घेतलं आणि "बारीक खुणा आहेत, बरं झालं," म्हणाली. मेव्हणा खिडकीबाहेर बघत राहिला.

या चाकूचा जन्म तसा सरकारी गरजेतून झालेला. स्विस सैन्याला शिपायासाठी एक चाकू हवा होता, ज्याने डबा उघडता येईल आणि नव्या बंदुकीचे स्क्रूही काढता येतील. श्वीट्स परगण्यातल्या इबाख गावात कार्ल एल्सनर यांनी 1884 साली चाकू-सुऱ्यांचा कारखाना काढला होता, पण एवढा माल घाईने पुरवण्याची ताकद तेव्हा स्वित्झर्लंडात कुणाकडेच नव्हती. म्हणून 1891 साली स्विस सैन्याचे पहिले चाकू आले ते जर्मनीतल्या झोलिंगेन गावाहून. म्हणजे अस्सल स्विस चाकूची पहिली खेप जर्मन होती. पुढे एल्सनर या धंद्यात दिवाळं निघण्याच्या बेताला आले, नातेवाइकांनी सावरलं, आणि 1897 साली त्यांनी सुधारित 'अधिकाऱ्याचा चाकू' नोंदवला. सुधारणा काय, तर एक जास्तीचं पातं आणि बाटलीचं बूच काढायचं गिरमिट. शिपायाच्या चाकूला डबा फोडायचं अवजार, साहेबाच्या चाकूला वाइन उघडायचं. सैन्याने हा चाकू अधिकृतपणे कधी दिलाच नाही. साहेब लोकांनी तो पदरचे पैसे घालून घेतला. ज्याने कुठल्याही कचेरीत नोकरी केली आहे त्याला यातली गंमत समजावून सांगायला नको.

आता मराठी मध्यमवर्गीय घरात हे गिरमिट म्हणजे निव्वळ अडगळ, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटत होतं. पण पायजम्याच्या नाडीला ऐन घाईत बसलेली निरगाठ तुम्ही कधी गिरमिटाने सोडवली आहे का? नखं लावू नका, दात तर मुळीच लावू नका. गिरमिटाचं टोक गाठीच्या मधोमध खुपसायचं आणि हलकेच अर्धा वेढा फिरवायचा. पीळ आपोआप सैल होतो, मग बोटाने ओढलं की झालं. ओल्या नाडीवरही चालतं. स्विस अधिकाऱ्यांनी काय उघडलं असेल ते असो, आमच्या घरात या अवजाराची अब्रू नाडीने राखली. आणि नाडीने आमची.

आणीबाणीची हत्यारं म्हणून ही विकली जातात, तेव्हा आपल्याकडची आणीबाणी काय असते ते आधी बघायला हवं. जाहिरातीत बर्फाचा डोंगर असतो आणि दाढी वाढलेला माणूस. आपल्याकडे दाराशी आंब्याची पेटी येते. अक्षय्य तृतीया तोंडावर, देवगडहून कुणीतरी पाठवलेली पाच डझनाची लाकडी पेटी, वरच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या, फटीतून पेंढा डोकावतोय आणि घरभर वास. सगळे गोल करून उभे. मी खिशात हात घातला. पक्कड उघडली. खिळ्याचं डोकं फळीत रुतलेलं, पकडीत येईना. मग चपटा स्क्रू ड्रायव्हर फळीखाली सरकवून दाबला. फळी उचलली जायच्याऐवजी उभी चिरली. खिळा जागेवर, फळीची अर्धी कांब माझ्या हातात. "थांबा, करवत आहे," असं मी म्हणत असताना बायको स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आली. "अहो, सरका जरा." उलथन्याचं पातं फटीत घातलं, दांड्यावर तळहाताने एक रट्टा. कर्रकन आवाज झाला आणि फळी खिळ्यांसकट वर. दुसरी फळी, तिसरी. पोरांनी पेंढा उधळायला सुरुवातही केली. मी करवत पुन्हा मिटली. ही करवत मिटतानासुद्धा टक् असा फार सुरेख आवाज करते, पण तो ऐकायला तिथे कुणी उरलं नव्हतं.

पकडीचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या संप्रदायाबद्दलही सांगायला हवं. स्विसवाले चाकूभोवती अवजारं रचतात, लेदरमनवाले पकडीभोवती. टिम लेदरमन हा अमेरिकन इंजिनिअर 1975 साली बायकोबरोबर युरोपभर हिंडत होता. हॉटेलं स्वस्तातली आणि गाडी जुनी फियाट. फियाट म्हटल्यावर आपल्या वाचकाला पुढचं कळलंच. गाडी रस्त्यात रुसे, हॉटेलात नळ गळत. खिशातल्या स्काउटच्या चाकूला सगळं होतं, पक्कड तेवढी नव्हती. मायदेशी परतल्यावर त्याने बायकोला सांगितलं, अशी वस्तू मी महिन्याभरात बनवतो. नमुना व्हायला तीन वर्षं लागली. पुढची पाच वर्षं तो घ्या म्हणत फिरला, कुणी घेईना. चाकूवाले म्हणत ही पक्कड आहे, अवजारवाले म्हणत हा चाकू आहे. शेवटी 1983 साली पाचशे नगांची पहिली मोठी ऑर्डर आली. आमचा सुतारही "आठ दिवसांत देतो" म्हणतो, पण त्याच्या नावाचा कारखाना काही निघाला नाही. माझ्या मते या गोष्टीतली खरी मजबूत वस्तू म्हणजे लेदरमनबाई. महिन्याच्या बोलीवर आठ वर्षं काढायला पोलाद लागतं.

सुरुवातीच्या त्या लेदरमनमध्ये एक खोड होती. पक्कड जोर लावून दाबली की दांड्यांच्या उघड्या कडा तळहातात रुतत. दुसऱ्याचा नट आवळताना आपल्या हातावर दोन लाल रेघा उमटणार. पुढच्या मॉडेलांत कडा गोल झाल्या. जुने भक्त मात्र त्या रेघा अजून अभिमानाने सांगतात.

आपल्या देशी परंपरेला नाव ठेवण्याचं कारण नाही. नेलकटर बघा. नखं कापायची ती कापतोच, पण पोटात एक बोटभर चाकू आणि सोड्याची बाटली उघडायचं ओपनर घेऊन येतो. त्या चाकूने पेरूसुद्धा धड कापला जात नाही. तरी प्रवासाच्या बॅगेत तो असतोच, आणि त्याच्या जोरावर घरातला कर्ता पुरुष निर्धास्त असतो. मुंबईच्या लोकलमध्ये तर एटीएम कार्डाएवढा पत्रा मिळतो. त्यात पट्टी, ओपनर, करवतीचे दात, नटांची भोकं. विकणारा दादर ते कुर्ला एवढ्या वेळात सगळी प्रात्यक्षिकं करून दाखवतो, तीही दुसऱ्या हाताने वरची कडी धरून. त्याच्या हातात ते कार्ड चालतं. आपल्या पाकिटात आलं की चालत नाही, फक्त पाकिटाचा कप्पा फाडतं. "एक ना धड भाराभर चिंध्या" ही म्हण आपल्याकडे या सगळ्या वस्तूंच्या आधीपासून आहे, यावरून आपल्या पूर्वजांची दूरदृष्टी दिसते.

आणि ज्याची रोजीरोटी अवजारावर आहे तो काय बाळगतो? इलेक्ट्रिशियनच्या वरच्या खिशात टेस्टर, प्लंबरच्या पिशवीत पाना. बस. बेसिनखाली नट गळायला लागला तेव्हा मी आधी पकडीने प्रयत्न केला आणि मग रीतसर प्लंबरला बोलावलं. त्याने माझ्या हातातली वस्तू बघितली. "साहेब, मस्त आहे. दुधाच्या पिशव्या कापायला ठेवा." एवढं बोलून त्याने कामाला लागायला हवं होतं. पण "बघू जरा" म्हणून त्याने ती मागितली आणि तिथेच उकिडवा बसून एकेक पातं उघडायला लागला. हे काय? भिंग. हे? पटाशी. आणि हे? मी दबक्या आवाजात म्हटलं, मासे. त्याचे डोळे चमकले. त्याच्या मामाचं अलिबागला मासळीचं आहे म्हणे. खाली बादलीत पाणी टपटपत होतं, पाना पिशवीतच होता, आणि आम्ही दोघं पापलेटाला खवले असतात तरी किती यावर बोलत होतो.

विमानाने मात्र या पंथाचं फार नुकसान केलं. एके काळी हे चाकू विमानतळावरच्या दुकानांत भेट म्हणून विकले जात. 11 सप्टेंबर 2001 नंतर हातातल्या बॅगेत पातं न्यायची सोय संपली आणि व्हिक्टोरिनॉक्सची विक्री धाडकन पडली. तरी कंपनीने माणसं कमी केली नाहीत. काही कामगार आसपासच्या कंपन्यांना काही काळ उसने दिले. वाटीभर साखर उसनी द्यावी तसे. हे वाचल्यापासून त्या लाल चाकूबद्दलचा माझा आदर वाढला आहे. आमच्या सोसायटीतल्या काकांचा मात्र वाढलेला नाही, कारण त्यांचा चाकू सुरक्षा तपासणीत गेला. "अहो, यात दातकोरणं आहे, चिमटा आहे, औषधोपचाराची वस्तू आहे ही!" असं त्यांनी जवानाला पटवून पाहिलं. जवानाने चाकू शांतपणे खोक्यात टाकला. आत तसलेच बरेच पडले होते.

दातकोरण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. ते वापरून पुन्हा त्याच खाचेत सरकवायचं असतं. ज्या घरात पाण्याचं भांडं वरून प्यायचं म्हणून पोरांना ओरडा बसतो, तिथे ही वस्तू टिकणं शक्य नव्हतं. आमचं पहिल्या आठवड्यातच हरवलं. कुणी हरवलं ते मला माहीत आहे.

तर घ्यायचाच असेल तर कात्री असलेला घ्या. करवत, पटाशी, भिंग यांचा आग्रह धरू नका. दुकानदार वीस अवजारांचा दाखवेल, तुम्ही सहांचा मागा. दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, शर्टाचा लोंबता दोरा, राखीची गाठ, कुरिअरचं पाकीट, यातलं काही ना काही रोज समोर येतं आणि सगळ्याला कात्रीच लागते. आणि विमानतळावर निघायच्या आधी खिसा चाचपून चाकू मोठ्या बॅगेत टाका. दातकोरणं आणि चिमटा सुटे विकत मिळतात.